नाताळची सोडत आणि तिचे स्पॅनिश शब्द

सेनगावसारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या माणसाने स्पॅनिश शब्दांविषयी बोलावे, हे आपणांस काहीसे चमत्कारिक वाटेल. मी त्या भाषेचा पंडित नाही आणि स्पेन देश मी पाहिलेलाही नाही. आमच्या हिंगोली जिल्ह्याची ख्याती हळदीसाठी आहे, नामदेव महाराजांचे जन्मस्थान मानल्या जाणाऱ्या नर्सीसाठी आहे. स्पॅनिश भाषेसाठी ती खासच नाही. परंतु माझी एक पुतणी नोकरीनिमित्त माद्रिद शहरी राहते. गेल्या डिसेंबरात तिने मला एका तिकिटाचे छायाचित्र पाठविले आणि खाली लिहिले, "काका, ह्यात अर्धा वाटा तुमचा आणि आजीचा. बावीस तारखेला सोडत आहे."

खरे सांगावयाचे तर ते वाचून मला राग आला. लॉटरीच्या तिकिटाविषयी माझ्या मनात एक जुनी अढी आहे. ती का, ते पुढे ओघाने सांगेन. मी तिला उलट कळविले की, "हा नाद बरा नव्हे." तिचे उत्तर आले, "काका, तुम्ही म्हणता तो नाद निराळा. इथे ही घराघरांतली रीत आहे. आधी इथले शब्द तरी समजून घ्या, मग रागवा."

पोर शहाणी आहे. मी शब्द समजून घ्यावयास बसलो, आणि त्यांनी मला जेथे नेले तेथे जाण्याचा माझा मुळीच विचार नव्हता. आज त्या शब्दांचीच थोडी ओळख करून द्यावी, असे योजिले आहे.

आरंभी उच्चाराविषयी एक सूचना. माद्रिदकडील लोक काही ठिकाणी जो उच्चार करतात तो आपल्या 'थ'च्या जवळचा असतो. अमेरिका खंडातील स्पॅनिश बोलणारे लोक तेथे 'स' म्हणतात. सोडत माद्रिदची असल्यामुळे मी माद्रिदचा उच्चार धरून चालतो.

पहिला शब्द नाविदाद. नाविदाद म्हणजे ख्रिस्तजन्माचा सण. आपण त्या सणाला नाताळ म्हणतो. नाताळ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. नाविदाद आणि नाताळ ह्या दोहोंचे मूळ जन्म ह्या अर्थाच्या एकाच लॅटिन शब्दात आहे. म्हणजे पहिल्याच शब्दाला आपली ओळख निघाली! ह्याचे कारण उघड आहे. स्पॅनिश आणि पोर्तुगीज ह्या लॅटिनच्या दोन लेकी. त्यांतील धाकटी म्हणा की थोरली म्हणा, एक आपल्या किनाऱ्यावर शेकडो वर्षे नांदली. आपण दररोज चावी फिरवितो, पाव खातो, पगार मोजतो, घमेले उचलतो आणि मेस्त्रीला बोलावितो. हे सगळे शब्द पोर्तुगीजांकडून आलेले आहेत. मोन्सेन्योर सेबास्तियांव रोदोल्फो डाल्गादो ह्या गोमंतकीय विद्वानाने 1913 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात आशियाच्या भाषांत पसरलेल्या अशा शब्दांचा मोठा संग्रह केला आहे. माद्रिदच्या बाजारात गेले, तर तेथेही पावाला पान म्हणतात, आणि पैसे चुकते करणे ह्याला पगार हेच क्रियापद वापरतात. मग नोकरदाराच्या महिन्याच्या आनंदाला आपण तेच नाव दिले, ह्यात नवल ते काय?

आता मुख्य शब्दाकडे येतो. दैव, नशीब, ह्याला स्पॅनिशमध्ये सुएर्ते म्हणतात. कोणी परीक्षेला निघाला, प्रवासाला निघाला, तर त्याला "सुएर्ते!" असे म्हणून निरोप देतात. चिठ्ठ्या काढून निवाडा करणे, म्हणजे सोडत, हिला सोर्तेओ म्हणतात. दोन्ही शब्द लॅटिनमधील एकाच मुळाचे आहेत. त्या मुळाचा अर्थ नशीब ठरविण्यासाठी टाकलेली चिठ्ठी किंवा फासा असा होता. पोर्तुगीजमध्ये त्याचेच रूप सोर्त असे झाले. हा सोर्त आपल्याकडे आला आणि जुन्या मराठीत सोरट होऊन बसला. "त्याला सोरट लागली," असे आपले आजे-पणजे म्हणत. आज तो शब्द मागे पडला आहे. बंगालीतही लॉटरीला सुरती हा शब्द होता, तोही ह्याच घराण्यातला. पोर्तुगीज राजवटीत गोव्यात धर्मादाय कामासाठी लॉटरी निघत असे. तेव्हा वस्तू आणि शब्द ही दोन्ही एकाच गलबतातून उतरली, असे म्हणावयास हरकत नाही. स्पेनच्या कातालोनिया प्रांतात तर सोर्त नावाचे एक लहानसे डोंगरी गाव आहे. तेथील कातालान भाषेत त्या नावाचा अर्थच नशीब असा होतो. तेवढ्यासाठी देशभरातील लोक त्या गावच्या दुकानातून नाताळचे तिकीट मागवितात. नावावर भिस्त ठेवणारे लोक सर्वत्र सारखेच.

आता तिकिटाकडे वळू. सबंध तिकिटाला बियेते म्हणतात. परंतु सबंध बियेते सहसा कोणी घेत नाही, कारण त्याची किंमत 200 युरो आहे. त्याचे दहा भाग केलेले असतात. एका भागाला देथिमो, म्हणजे दशांश, असे नाव आहे. देथिमो 20 युरोंना मिळतो. आपल्या पैशांत सुमारे दोन हजार रुपये. हीही रक्कम लहान नाही, म्हणून आणखी एक सोय आहे. गावातील एखादी मंडळी, क्रीडासंघ, शाळा किंवा देवळाची समिती काही देथिमो विकत घेते आणि त्यांच्या आधारावर दोन-चार युरोंच्या पावत्या काढून सभासदांना विकते. वर थोडी रक्कम संस्थेच्या कार्यासाठी ठेवते. अशा पावतीला पार्तिथिपाथिओन म्हणतात. ह्या लांबलचक शब्दाचा अर्थ सहभाग, वाटा, इतकाच आहे.

ह्यातील एक खुबी ध्यानात घेतली पाहिजे. आपल्याकडे पहिले बक्षीस बहुधा एका मालिकेतील एकाच तिकिटाला जाते. स्पेनच्या नाताळच्या सोडतीत 00000 पासून 99999 पर्यंत एक लक्ष क्रमांक असतात आणि एकेका क्रमांकाच्या अनेक मालिका छापतात. अलीकडच्या वर्षांत दीडशेहून अधिक. प्रत्येक मालिकेचे दहा देथिमो. म्हणजे एकाच क्रमांकाची दीड हजारांहून अधिक तिकिटे लोकांच्या हाती असतात, आणि क्रमांक निघाला की ती सर्वच्या सर्व जिंकतात. एका कचेरीतील सारे कारकून एकच क्रमांक घेतात. एका गल्लीतील सारी बिऱ्हाडे एकच क्रमांक घेतात. "शेजाऱ्यांना लागले आणि आपण तेवढे कोरडे राहिलो तर?" ही धास्ती त्यामागे असतेच, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

ही प्रथा कशी जन्मास आली? स्पेनचा राजा तिसरा कार्लोस ह्याच्या काळी, 1763 साली, आकड्यांची एक सोडत तेथे सुरू झाली होती. आजच्या पद्धतीची लॉटरी मात्र युद्धाचे अपत्य आहे. नेपोलियनच्या फौजांनी स्पेन व्यापला होता आणि स्वतंत्र राहिलेल्या लोकांची प्रतिनिधिसभा कादिथ बंदरात भरली होती. खजिन्यात पैसा नव्हता, प्रजेवर नवा कर लादणे शक्य नव्हते. तेव्हा 1811 साली ह्या सभेने लॉटरीचा मार्ग काढला. 18 डिसेंबर 1812 रोजी कादिथ येथे नाताळाच्या तोंडावरची पहिली सोडत झाली आणि 03604 ह्या क्रमांकाला पहिले बक्षीस लागले. पुढे राजे गेले, प्रजासत्ताके आली आणि गेली, परंतु ही सोडत चुकली नाही. यादवी युद्धाच्या काळात, 1938 साली, देशाचे दोन तुकडे झाले असता दोन ठिकाणी दोन सोडती निघाल्या: प्रजासत्ताकाची बार्सेलोनाला, फ्रँकोच्या पक्षाची बुर्गोसला. राज्य कोणाचे, ह्याविषयी लोक एकमेकांचा जीव घेत होते. पण बावीस तारखेच्या आसपास चिठ्ठी निघालीच पाहिजे, ह्याविषयी दोन्हीकडे एकमत होते.

आपल्या महाराष्ट्र राज्याची लॉटरी 1969 साली सुरू झाली. आकड्यांच्या चोरट्या जुगाराकडे, म्हणजे मटक्याकडे, वाहणारा पैसा सरकारी तिजोरीकडे वळवावा, हा तिचा एक हेतू होता. करावाचून पैसा उभा करणे, हे राज्यकर्त्यांचे स्वप्न कादिथला आणि मुंबईला सारखेच पडलेले दिसते.

आता सोडतीच्या दिवशी माद्रिदच्या तेआत्रो रेआल ह्या नाट्यगृहात डोकावू. रंगमंचावर दोन मोठे पिंजऱ्यासारखे गोल असतात. त्यांना बोंबो म्हणतात. एकात क्रमांकांचे एक लक्ष लाकडी गोळे, दुसऱ्यात बक्षिसांचे 1,807 गोळे. एकेका गोळ्याला बोला म्हणतात. इकडून एक बोला निघतो, तिकडून एक निघतो, आणि शाळेतील दोन मुले ते उचलून क्रमांक आणि बक्षीस गाऊन दाखवितात. गाऊन हा शब्द मी बोलण्याच्या ओघात वापरलेला नाही. ती मुले खरोखरच एका ठरलेल्या चालीवर गातात, आणि सकाळपासून दुपारपर्यंत घरोघरी तेच सूर ऐकू येत असतात. ही मुले सान इल्देफोन्सो नावाच्या माद्रिदच्या जुन्या शाळेतील असतात. ती शाळा अनाथ मुलांसाठी निघाली होती, आणि 1771 सालापासून तिचे विद्यार्थी सोडतीचे हे काम करीत आले आहेत. मुलींचा प्रवेश मात्र फार उशिरा, 1984 साली झाला.

मूलच का? कारण उघड आहे. मुलाच्या हाताला लोभ ठाऊक नसतो, निदान तसे आपण मानतो. श्रोतेहो, हे मला नवे वाटले नाही. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत तालुक्याच्या ठिकाणी निघते, तेव्हा गावोगावचे पुढारी श्वास रोखून बसलेले असतात आणि बरणीतील चिठ्ठी एखाद्या शाळकरी मुलाच्या हातून काढवितात. ज्या चिठ्ठीवर पाच वर्षांचे राजकारण फिरावयाचे, ती काढणाऱ्या मुलाचे लक्ष पुष्कळदा समोरच्या बिस्किटांच्या पुड्याकडे असते! भावाभावांत शेताची वाटणी होते तेव्हाही देवापुढे चिठ्ठ्या ठेवून घरातील लहान पोराला उचलावयास सांगण्याची रीत आहे. तामिळ देशात उत्तरमेरूर येथे दहाव्या शतकातील चोळ राजवटीचा शिलालेख आहे. त्यात ग्रामसभेचे सभासद घटातील चिठ्ठ्यांवरून निवडावे आणि चिठ्ठी लहान मुलाने काढावी, असे नियम दिले आहेत. निवडीचे ओझे माणसांना पेलेनासे झाले की ती मुलांच्या हाती सोपवितात. ही समजूत कोणा एका देशाची दिसत नाही.

आता बक्षिसांची नावे ऐका. पहिल्या बक्षिसाला एल गोर्दो म्हणतात. गोर्दो म्हणजे लठ्ठ. आपल्याकडे सरकारी लॉटरीच्या मोठ्या सोडतीला भव्यतम असे भारदस्त संस्कृत विशेषण लावतात, तिकडे मात्र सरळ "लठ्ठ्या आला का?" असे घरोघरी विचारतात. हा लठ्ठ्या एका देथिमोला चार लक्ष युरो देतो. सर्वांत लहान बक्षिसांना मिळून पेद्रेआ असे नाव आहे. पेद्रेआ म्हणजे दगडांचा वर्षाव. हजार युरोंचे हे बक्षीस 1,794 वेळा निघते. त्यातील शंभर युरो एका देथिमोच्या वाट्यास येतात. "मिल एउरोस, मिल एउरोस," म्हणजे "हजार युरो, हजार युरो," असे मुले गातच राहतात, आणि ऐकणाऱ्याला गारा पडल्यासारखे वाटते. आमच्याकडे काढणीच्या दिवसांत गारा पडल्या तर त्याला कोणी बक्षीस म्हणणार नाही, पण शब्द मोठा समर्पक आहे. याखेरीज रेइन्तेग्रो म्हणून एक प्रकार आहे. पहिल्या बक्षिसाच्या क्रमांकाचा शेवटचा आकडा आणि आपला शेवटचा आकडा जुळला, तर तिकिटाची किंमत परत मिळते. दहा जणांतील एकाला मिळणारे हे समाधान. नाकापेक्षा मोती जड होऊ नये, एवढाच त्याचा उपयोग.

येथे थोडे गणित सांगणे माझे कर्तव्य आहे. लठ्ठ्या आपल्या क्रमांकावर येण्याची शक्यता लाखात एक. छापलेल्या तिकिटांच्या शंभर युरोंपैकी सत्तर बक्षिसांसाठी ठेवलेले असतात, तीस आधीच बाजूला गेलेले असतात. मोठ्या बक्षिसांवर पुन्हा कर आहे. म्हणजे लॉटरी हा मिळकतीचा मार्ग नव्हे. साऱ्या गिऱ्हाइकांचा एकत्र हिशेब मांडला, तर तो तोट्याचाच निघणार. हे स्पेनमधील लोकांना ठाऊक नाही असे नाही. तरी ते तिकीट का घेतात? माझ्या पुतणीचे उत्तर असे की, तिकिटाचा खरा उपयोग ते दुसऱ्याला देण्यात आहे. बहीण भावाला देते, मालक नोकराला देतो, शेजारी शेजाऱ्याशी अर्धा करून घेतो. वाटून घेणे ह्याला कोम्पार्तीर असे क्रियापद आहे, आणि डिसेंबर महिन्यात लॉटरीच्या बोलण्यात ते वारंवार येते.

सोदेतो नावाच्या गावाची हकीगत ह्या संदर्भात सांगण्यासारखी आहे. उत्तर स्पेनमधील आरागोन प्रांतातील उएस्का जिल्ह्यात ते वसले आहे. सुमारे सत्तर घरांचे शेतकऱ्यांचे गाव. तेथील गृहिणींच्या मंडळाने 2011 साली नेहमीप्रमाणे दारोदार जाऊन पार्तिथिपाथिओन विकल्या. क्रमांक होता 58268. त्या वर्षीचा लठ्ठ्या त्याच क्रमांकावर उतरला. जवळजवळ प्रत्येक घरी थोडेबहुत बक्षीस गेले. लहानातला लहान वाटा धरला तरी तो एक लक्ष युरोंचा होता. एक घर तेवढे सुटले होते. तेथील गृहस्थांकडे पावती विकावयास जाण्याचे राहून गेले होते. सेनगावच्या भोवतालच्या एखाद्या वाडीत असे घडले असते तर काय झाले असते, ह्याचा विचार मी पुष्कळ वेळा केला आहे. कोणी ट्रॅक्टर घेतला असता, कोणी विहीर खोदली असती, पुष्कळांनी सोसायटीचे आणि सावकाराचे देणे फेडले असते. आणि सुटलेल्या त्या एका घराविषयी साऱ्या गावाने पिढ्यान्पिढ्या हळहळ केली असती.

आता सर्वांत आवडलेला शब्द. बक्षीस मिळाले की स्पॅनिश माणूस "मी जिंकलो" असे सहसा म्हणत नाही. तो म्हणतो, "मे आ तोकादो." तोकार म्हणजे स्पर्श करणे, "मला स्पर्श झाला" असा त्याचा शब्दार्थ. हे वाचून मी थबकलो. कारण मराठीतही आपण लॉटरी जिंकत नाही; आपल्याला लॉटरी लागते. लागणे म्हणजे स्पर्श होणे, चिकटणे. फळाला पाड लागतो, पायाला ठेच लागते, लेकराला दृष्ट लागते, तहान लागते, लळा लागतो, आणि लॉटरीही लागते. जे आपण केलेले नाही, जे येऊन भिडले, त्याला आपण लागणे म्हणतो. सात समुद्रांपलीकडचा माणूस आणि आपण एकाच रीतीने बोलतो, ह्याचा मला आनंद झाला. कर्तृत्वाचा आव त्या वाक्यात नाही.

परंतु स्पॅनिश माणूस त्याचे अनेकवचनही सहज करतो. "नोस आ तोकादो," म्हणजे "आम्हांला लागले." आणि येथे मला माझे वडील आठवले.

माझे वडील सेनगावी शेती करीत. बाजारहाटासाठी हिंगोलीस गेले की बसस्थानकाजवळच्या लॉटरीवाल्याकडून ते एक तिकीट घेत असत. हे आम्हांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते. ते वारल्यावर त्यांच्या ट्रंकेत एक फडके सापडले. त्यात अनेक वर्षांची तिकिटे सुतळीने नीट बांधून ठेवली होती, आणि त्यांच्याच खाली कर्जाच्या काही पावत्या होत्या. त्या कर्जाविषयीही घरात कोणाला कल्पना नव्हती. ती तिकिटे ज्या वर्षांची होती, त्यांपैकीच एका वर्षी पैशाअभावी माझे शिक्षण सुटले होते. साऱ्या तिकिटांची किंमत एकत्र केली असती तरी माझी फी भागली नसती, हे मला त्या वेळीही कळत होते. तरी राग आला तो आला. लॉटरीविषयीची माझी अढी ती हीच.

आई मात्र तिकिटांकडे बराच वेळ पाहत बसली. मग म्हणाली, "मला सांगितले असते तर एखादा आकडा मीही सुचविला असता."

तेव्हा मला ते बोलणे भाबडेपणाचे वाटले. आज, हे परके शब्द शिकल्यावर, त्याचा अर्थ मला निराळा लागतो. वडिलांनी पैसा घालविला, ह्याचे आईला फारसे दुःख नव्हते. त्यांनी आशा एकट्याने केली आणि निराशाही एकट्याने गिळली, ह्याचे तिला दुःख होते. त्यांच्या फडक्यात तिकिटे होती, पण पार्तिथिपाथिओन एकही नव्हती. त्यांना "मला लागली नाही" असे दर वेळी मनाशी म्हणावे लागले. "आम्हांला लागली नाही" असे घरात मोठ्याने म्हणता आले असते तर अर्धे ओझे तेथेच उतरले असते. आणि तिकिटे उघड झाली असती तर त्यांच्याखालच्या पावत्याही उघड झाल्या असत्या.

श्रोतेहो, आपण लॉटरीचे तिकीट घ्यावे असे माझे म्हणणे नाही. गणित मी सांगितलेच आहे, आणि ते गणित कोणत्याही भाषेत बदलत नाही. परंतु आपल्या मराठवाड्यात पीक बुडाल्याचे, देणे वाढल्याचे दुःख पुष्कळ घरांत कर्ता पुरुष एकटाच उशाशी घेऊन निजतो. घरच्यांना त्रास नको, असा त्याचा चांगला हेतू असतो. त्याचे परिणाम किती भयंकर होतात, हे आपण सर्वांनी ह्या भागात पाहिलेले आहे. ट्रंकेतील फडके वेळीच सोडून घरातल्यांपुढे मांडावे, एवढीच माझी विनंती आहे. आपल्या बायका भिशी चालवितात. दर महिन्याला चिठ्ठी निघते. ज्या घरी फार नड असेल तिला पुष्कळदा बाकीच्या जणी आपण होऊन पाळी देतात. कोम्पार्तीर हा शब्द त्यांना माहीत नाही, पण त्याचा अर्थ त्या दर महिन्याला आचरणात आणतात. पुरुषांनी तो त्यांच्याकडून घ्यावा.

शेवटचा शब्द राहिला. गेल्या बावीस डिसेंबरला पुतणीचा फोन आला. आमच्या अर्ध्या तिकिटाला लठ्ठ्या लागला नाही, गारही पडली नाही, शेवटचा आकडासुद्धा जुळला नाही. ती हसून म्हणाली, "काका, सालुद!" सालुद म्हणजे आरोग्य. सोडतीत काही न मिळालेले लोक त्या दिवशी एकमेकांना म्हणतात की, प्रकृती धड आहे ना, मग झाले. म्हणून त्या तारखेला विनोदाने आरोग्याचा दिवस असेही म्हणतात. लाखातला एक जिंकतो. बाकीच्यांसाठी भाषेने हा एक शब्द राखून ठेवला आहे.

मी फोन आईच्या कानाला लावला. तिने नातीला विचारले, "आकडा कोणी निवडला होता?" पुतणी म्हणाली, "मीच, आजी." आई म्हणाली, "पुढच्या वेळी मला विचार."

यंदा पुतणीने विचारले आहे, आणि आईने शेवटचा आकडा सात सांगितला आहे. माझा अजूनही लॉटरीवर विश्वास नाही. पण त्या तिकिटात वाटा आहे का, असे कोणी विचारले, तर आहे म्हणून सांगेन.

आपणा सर्वांना सालुद.